‘मारेन’चा अर्धा नमुना

चर्चच्या समितीनं होडीची प्रतिकृती टांगायला परवानगी दिली होती, पण तिच्यावर अस्ताच्या वडिलांचं नाव नको म्हणून सांगितलं होतं. निरोप घेऊन आलेल्या पाद्रीबाई अस्ताच्याच टेबलाशी बसल्या होत्या. अस्ता पाव कापत होती. तिनं सुरी फळीवर अशी आपटली, की बाईंच्या बशीतली कॉफी सांडली.

“होडी त्यांनी बांधली,” ती म्हणाली. “मग नाव काय माझ्या मांजराचं घालू?”

नाव अडवलं होतं टागे ब्रूननं, हे सगळ्या बेटाला ठाऊक होतं. ‘मारेन’ ही शिडाची होडी टागेच्या घरची. अस्ताचे वडील विलाड्स यांनी ती बांधली, आणि दुसऱ्याच शरदात ती टागेच्या दोन्ही भावांना घेऊन बुडाली. बुडालेल्यांच्या आठवणीला होडीची छोटी प्रतिकृती करून चर्चच्या छताला टांगायची, ही तिथली रीत. पण ज्यानं माझे भाऊ बुडवले त्याचं नाव माझ्या डोक्यावर लोंबायला नको, असं टागे चारचौघांत बोलला होता. होडीची कड बुटकी होती, ती लाट आत घ्यायची, हे त्याचं चाळीस वर्षांचं पालुपद. त्यानंतर विलाड्सकडं कुणी होडी बांधायला दिली नाही. माणूस त्या बोलण्यानं खंगून खंगून मेला.

“‘मारेन’ बांधली त्या हिवाळ्यात ओकचं लाकूड कुणाला मिळत नव्हतं,” अस्ता पाद्रीबाईंना म्हणाली. “तरी बाबांनी शब्द दिला तशी होडी वेळेवर पाण्यात उतरवली. घरी चार माणसं जेवणारी, पण त्यांनी कधी रडगाणं गायलं नाही. आणि त्याचं हे फळ!”

घरासाठी विलाड्सनं आयुष्यात एकच वस्तू केली, ती ही पावाची फळी. तीसुद्धा त्याच हिवाळ्यात. एका अंगानं सरळ, दुसऱ्या अंगानं बाक आलेली, लांबट. सगळ्या बेटाला होड्या आणि मला हे एवढंसं, असं म्हणून आई त्याला चिडवायची. दोन भोकांतून सुतळी ओवून तिनं ती भिंतीला टांगली होती. घासून घासून फळी पांढरीफटक पडली होती.

अस्तानं ठरवलं, की प्रतिकृती करायची तर अगदी मापाबरहुकूम. छताला टांगलेली ती अशी दिसली पाहिजे, की डोळे असलेल्या कुणालाही कळावं, दोष होडीचा नव्हता. अडचण एकच होती. ‘मारेन’चा आराखडा नव्हता.

तिथले जुने कारागीर कागदावर काही काढतच नसत. फळ्यांचे थर एकावर एक रचून, लाकडी खुंट्यांनी जोडून, त्यातून होडीची एक बाजू कोरायची. मालकानं त्यावर हात फिरवून हो म्हटलं की थर सुटे करायचे आणि मोठी मापं काढायची. हो म्हटल्यावर केसाइतकाही फरक करायचा नाही. एक थर गाळला तर लाकूड वाचायचं, पण होडीची कड तेवढी बुटकी व्हायची. होडी झाली की तो अर्धा नमुना मालकानं आपल्या दारावर ठोकायचा. विलाड्सचा नमुना लांबूनही ओळखू यायचा, कारण तो एक थर पांढऱ्या पाइनचा आणि एक काळपट अक्रोडाचा असे आळीपाळीनं लावायचा.

‘मारेन’चा नमुना टागेच्या दारावर होता. अस्ता मागायला गेली तेव्हा त्यानं दार लावून घेतलं होतं. शेवटी पाद्रीबाईंनी रदबदली केली आणि स्वतः उचलून आणून दिला.

अस्तानं खुंट्या काढल्या, एकेक थर कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आणि आराखडा जोडला. कड बुटकी आली. तिनं पुन्हा मापलं. पुन्हा बुटकीच.

मग तिचं लक्ष रंगांकडं गेलं. वरून पाइन, अक्रोड, पाइन, अक्रोड. आणि त्याखाली लगेच दुसरा अक्रोड. मधला पाइन नव्हताच.

तिनं सगळे थर टेबलावर ओळीनं मांडले, हरवलेल्या थराची जागा मोकळी सोडली आणि कोट अडकवून तडक टागेचं दार गाठलं.

टागे म्हातारा काठी टेकत बाहेर आला. तिनं त्याला आत बोलावायचीही फुरसत दिली नाही. नमुन्यातला थर तुम्हीच काढला, बाबांना खोटं पाडायला काढला, चाळीस वर्षं त्यांच्यावर थुंकलात, ते मेल्यावरही, असं ती शेजारीपाजारी ऐकतील एवढ्या आवाजात बोलली.

“झालं?” तो म्हणाला. “तुझ्या बापानं नमुना माझ्या हातात दिला आणि मी तो तसाच ठोकला. पाद्रीबाई आल्या तेव्हा पहिल्यांदा खाली उतरला.”

“आणि थर कमी आहे ते तुम्हाला दिसलं नाही?”

“मी हो म्हटलं होतं. दिलेल्या शब्दावर कुणी फळ्या मोजत बसतं का?”

“मग थर गेला कुठं, उंदरांनी खाल्ला?”

टागेनं काठी दुसऱ्या हातात घेतली.

“सापडला तर दाखव मला, विलाड्सच्या पोरी.”

“चर्चमध्ये दाखवीन. सगळ्यांसमोर,” ती म्हणाली.

परत येताना तिनं पाद्रीबाईंना गाठून रविवारी दोन शब्द बोलायची परवानगीही मागून ठेवली. घरी आली तेव्हा सकाळपासून पोटात काही नव्हतं. तिनं राय पाव काढला, लोणी काढलं, खिळ्यावरची फळी काढून तिची सुतळी सोडली. टेबलभर थर मांडलेले. फळी ठेवायला मधे सोडलेली तेवढीच जागा होती, म्हणून तिनं ती तिथं ठेवली.

सरळ कड सरळ कडेशी आली, बाकाला बाक मिळाला, आणि फळीची दोन्ही भोकं खुंट्यांच्या भोकांच्या ओळीत येऊन बसली.