तारेची अंगठी

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. अपघाताच्या अहवालात, टाइप करून, शिक्का मारून, खाली झोकदार सही ठोकून खोटं लिहिलंत. ‘सदर महिला कामगाराने डाव्या हातात अंगठी घातली होती. ती प्रेसमध्ये अडकल्याने बोटास इजा झाली.’ अहो, उभ्या जन्मात तिच्या बोटाला अंगठी लागली नव्हती. पहिलीवहिली अंगठी घ्यायला ती आज सोनाराच्या दुकानात बसली आहे. आणि ती ज्या बोटात घालायची, ते बोट चार महिन्यांपूर्वी तुमच्याच कारखान्यात गेलं.

सोनाराने मखमलीचा ट्रे पुढे सरकवला. “डावा हात द्या ताई, माप घेतो.”

तिने हात काचेवर ठेवला. करंगळी, मग मोकळी जागा, मग मधलं बोट. सोनाराच्या हातातलं मापाच्या कड्यांचं जुडगं वाजायचं थांबलं.

“उजव्याचं घ्या हो,” होणारी सासू म्हणाली. “ही फुलाची बघा, कशी भरगच्च आहे. लोकांचं लक्ष तिच्यावरच राहील. फोटोत डावा हात जरा मागे ठेवला की झालं.” मग सोनाराकडे झुकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, “दुसरा असता तर पाठ फिरवून गेला असता. आमच्या वेड्याने आपणहून मागणी घातली. ही हॉस्पिटलात असतानाच.”

वेडा शेजारी बसून डाव्या हाताने चहा ढवळत होता. त्याच कारखान्यात तो इलेक्ट्रिशियन. साखर केव्हाच विरघळली होती, तरी ढवळत होता.

“आवडेल ती घे गं,” तो म्हणाला. “कितीही भारी असू दे.”

“मला ह्यातली कुठलीच नको.”

तिने पर्स उघडली आणि कागदाची पुडी काढून काचेवर सोडली. आत वीतभर तांब्याची तार होती, मधोमध कापलेली, टोकाचा पीळ तसाच.

“हिची करून द्या.”

सासू हसली. “बाई गं, काय ही चेष्टा. भंगार आहे ते.”

“भंगारातच फेकली होती, आई. झाडूवाल्या मावशींनी उचलून मला आणून दिली.” मग ती सोनाराकडे वळली. मशीनवर नव्या आलेल्या बाईला काम समजावून द्यावं तसं सांगू लागली. “पत्रा कापायच्या प्रेसच्या पुढे जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. जाळी लागली की स्विच दाबला जातो, आणि तेव्हाच प्रेस खाली येते. आता जाळी उघडा, लावा, उघडा, लावा, ह्यात माल कमी निघतो. म्हणून जाळीच काढून ठेवली. आणि स्विच ह्या तारेने दाबून बांधला. मशीनला वाटलं, जाळी लागलेली आहे. मशीनचा काय दोष?”

चमचा थांबला.

सोनाराने तार उचलून भिंगाखाली धरली. पस्तीस वर्षं तारा ओढण्यात गेलेला माणूस. त्याला दुकानातल्या हवेचं काही कळलं नाही, तारेचं कळलं.

“तार झकास आहे. पीळ मात्र उलटा. आपण पकड अशी फिरवतो ना, हा दुसऱ्या बाजूने फिरवलाय.” त्याचं भिंग सहज काचेवरच्या पर्सकडे गेलं. पर्सचा तुटलेला बंद गेल्याच आठवड्यात कुणीतरी तारेने पक्का केला होता. “हे बघा, हाही तसाच. डावखुऱ्याचं काम आहे. आणि एकाच माणसाचं.”

सासूने मुलाच्या हाताकडे पाहिलं. चमचा अजून डाव्या हातातच होता.

“आपण बाहेर बोलू,” तो म्हणाला.

“बाहेर कशाला? साहेबांपुढे आत बसून बोललास ना? काल अहवालाची प्रत मिळाली मला. ‘इलेक्ट्रिशियनच्या सांगण्यानुसार जाळी जागेवर होती.’ अंगठीचंही तूच सांगितलंस?”

“अंगठीचं मी नाही बोललो. आईशप्पथ. ते त्यांनी मागून घुसडलं.” त्याचा आवाज बारीक झाला. “फोरमनने सांगितलं, बांध. मी बांधली. मला काय माहीत त्या मशीनवर तुला बसवतील.”

“म्हणजे दुसरीला बसवलं असतं तर चाललं असतं.”

त्याने चमचा बशीत ठेवला.

“आणि मागणी? ती कशी काय सुचली रे तुला, मी शुद्धीवर यायच्या आत?”

“पुरे झालं,” सासू म्हणाली. “घरात बोलायच्या गोष्टी चारचौघांत...”

“तुमच्या घरात अजून आले नाही मी.”

सोनाराने घसा खाकरला. कड्यांचं जुडगं त्याने पुन्हा हातात घेतलं, कारण दुसरं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. “ताई, माप कुणाचं घेऊ?”

“ह्याचं.”

तिने त्याचा डावा हात ओढून काचेवर उताणा ठेवला. तार उचलली आणि त्याच्या करंगळीशेजारच्या बोटाला एक वेढा दिला, दुसरा दिला. पकड नव्हती. तिने उरलेल्या बोटांनीच पिळली, आणि सुलट पिळली. तारेखाली कातडी पांढरी पडली. त्याने हात ओढून घेतला नाही.

“उद्या अकराला लेबर ऑफिसात सुनावणी आहे,” ती म्हणाली. “तिथले साहेब विचारतील, तार कुणी बांधली, आणि कुणाच्या सांगण्यावरून. तू काय सांगणार?”

तो आईकडे बघू लागला.

“तिच्याकडे नको बघू. मी विचारतेय. काय सांगणार?”