नकाशाची भिंत

"नक्शा यहाँ था?" मंजिरीने मोबाइल काढत विचारलं.

"इथंच. पूर्ण भिंतीवर. इथून महानदी जात होती." नरहरी मास्तरांनी काठी उचलून दाखवलं, तसा चौकीदार दयाराम खुर्चीवरून उठला.

"बाबूजी, दीवाल से दूर."

भिंत पांढरीफटक होती. मधोमध एकच चित्र, काळ्यावर काळा चौकोन, आणि त्याला वेगळा दिवा. मास्तरांना चीड आली. इथे शाळा होती तेव्हा ड्रॉइंग मास्तर म्हणून त्यांनी याच भिंतीवर अख्खा मध्यप्रदेश रंगवला होता, आणि नवं राज्य झालं त्या सकाळी स्टुलावर चढून छत्तीसगडची सीमा लाल रंगाने ओढली होती. आता शाळेचं आर्ट म्युझियम झालं होतं. घरी नकाशाचा विषय निघाला की मुलगा हसून पेपर उघडायचा. म्हणून आज नातीला रिक्षात घालून आणलं होतं. मुलाला दाखवायला एक फोटो हवा होता, बस.

"भैया, इसके नीचे नक्शा है," मास्तर म्हणाले.

"नीचे तो दीवाल है, बाबूजी."

पलीकडच्या दालनात कुणीतरी मूर्तीला हात लावला. दयाराम तिकडे ओरडायला गेला. मास्तरांनी नातीच्या हातातली पाण्याची बाटली घेतली.

"आजोबा, क्या कर रहे हो?"

"दर दिवाळीले पुताईवाले नकाशावर चुना मारून जात. चुना ओला केला का खालचा रंग दिसते. तसाच पाहून पाहून मी पुन्हा रंगवत होतो. तू फोटो तयार ठेव."

त्यांनी ओंजळभर पाणी मारलं. थांबले. पुन्हा मारलं. पाणी भिंतीत शिरलंच नाही, नुसतं घरंगळलं. चुना नव्हताच तो, प्लास्टिक पेंट होता. मास्तरांनी तळव्याने घासलं, नखाने खरवडलं.

थेंब एकत्र येऊन एक वाकडातिकडा ओघळ फरशीपर्यंत उतरला. मंजिरीने मोबाइल वर धरला.

"आजोबा, ये महानदी है ना?" तिने हळूच विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "महानदी आधी वर जाते, उत्तरेले."

ते वाकले, आणि ओल्या बोटाने खालून वर रेघ ओढू लागले. रेघ पुन्हा पुन्हा खाली ओघळत होती.