शिवणवर्गाची तपासणी

टेम्पोतून उतरवलेल्या मशीनींना दौंडची धूळ तशीच चिकटलेली होती. पुतळाबाईनं पदरानं एक पुसली आणि शेजारच्या मदिनाला म्हणाली, "बघून घे डोळं भरून. आल्या तशा जातील."

शिरूरच्या त्या समाजमंदिरात सरकारी पैशावर बायकांचा शिवणवर्ग चालायचा. म्हणजे बाहेर तसा बोर्ड होता. आत सतरंजी आणि पाण्याचा माठ सोडून आजवर काही आलं नव्हतं. संस्थेचे अध्यक्ष पोपटराव अधूनमधून बायकांना बोलवायचे, हजेरीवर सह्या घ्यायचे आणि शिकवणाऱ्या बाई आजारी आहेत म्हणून सांगायचे. त्या बाईंना कुणी पाहिलं नव्हतं. पण त्यांच्या तब्येतीची चौकशी मात्र सगळ्याजणी अगदी मनापासून करायच्या.

मदिनाला आताशा त्याचं हसू येत नव्हतं. नवरा, इनुस, खडीच्या क्रशरवर पडला तेव्हापासून अंथरुणात होता. कोरेगाव भीमाला कपड्यांच्या एका कंपनीत बायका घेत होते, म्हणून ती गेली. तिथं तिला मशीनवर बसवलं आणि शिवून दाखवा म्हणाले. सुईत दोरा ओवण्यापर्यंत जमलं. पुढचं काही येईना. सुपरवायझर भला होता. शिकून या, दिवाळीनंतर बघू, म्हणाला. तोवर नाही जमलं, तर सातवीतल्या लेकीचं, फरहतचं, दप्तर खुंटीला टांगून तिला कांदे काढायला न्यायचं, हे घरात ठरून गेलं होतं.

पोपटरावांनी सगळ्याजणींना मशीनींपुढं बसवलं. तपासणीला पुण्याहून मॅडम येणार, त्यांनी विचारलं तर वर्ग रोज भरतो म्हणायचं, बाकी खाली मान घालून पाय मारायचे, एवढंच सांगितलं. कोपऱ्यात, माठाजवळ, ओल्या फडक्यात गुंडाळलेला झेंडूचा हार आणि वर नारळ होता.

मॅडम चालतच आल्या. काखेत फाईल, पायांत साध्या चपला. मदिनाला त्यांचं बरंच वाटलं. जीपमधून उतरणाऱ्या माणसाशी बोलायला जीभ उचलत नाही. पोपटराव त्यांना खुर्ची देऊन चहाचं बघायला बाहेर गेले.

मॅडम खुर्चीवर बसल्याच नाहीत. एकेकीजवळ थांबत मदिनापाशी आल्या. तिची मशीन नेमकी अडकली होती. त्यांनी वाकून, न बघताच, खालून बॉबिन काढली, फुंकर मारली, परत बसवली.

"ही अशीच अडकते," त्या म्हणाल्या.

एवढी मोठी अधिकारी, आणि हात कसा बाईमाणसाचा! मदिनाचा ऊर भरून आला.

"खरंच शिकवतात का गं इथं?" मॅडमनी हळूच विचारलं.

पुतळाबाईनं मशीनखालून मदिनाच्या पायावर पाय दिला. मदिनाला डोळ्यांपुढं खुंटीवरचं दप्तर दिसत होतं.

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. "मशीनी आज सकाळी आल्यात. चार म्हैनं झालं, कुणी शिकवाय आलं न्हाई. कुणावर कारवाई करा म्हणत न्हाई मी. मला शिकायचंय, एवढंच."

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात जरा जास्तच वेळ तिथं राहिला.

"नाव काय तुझं?"

"मदिना इनुस शेख."

फाईल काही त्यांनी उघडली नाही. "राहील ध्यानात," म्हणाल्या आणि चहा न घेताच बाहेर पडल्या. दारात पोपटरावांशी दोन शब्द बोलल्या, तेही मान खाली घालून.

पुतळाबाई आधी मदिनाला वेडी म्हणाली. मग तिनंच तिच्या पाठीवर हात फिरवला. बोललीस ते बरं केलंस, आम्हाला तेवढा धीर नव्हता, म्हणाली. मदिनाला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं. उठता उठता तिचं लक्ष कोपऱ्यात गेलं. एवढ्या गडबडीत हार तसाच राहिला होता. तिनं तो उचलला आणि लगबगीनं पोपटरावांपुढं धरला.

"आप्पा, मॅडमला हार घालायचा राहिला की. गेल्या न्हाईत अजून, मशीनीच्या टेम्पोत बसल्यात."

पोपटरावांनी हार तिच्या हातातून घेतला. माठातलं ओंजळभर पाणी त्याच्यावर शिंपडलं आणि फडकं नीट गुंडाळून ठेवलं.

"राहिला न्हाई, भाभी," ते म्हणाले. "तपासणीचे साहेब उद्या यायचेत. तुम्ही तेवढं उद्यापास्नं येऊ नका."