दुपारचं व्होल्टेज

सासूबाईंना दवाखान्यात खाट मिळाली नाही, म्हणून ऑक्सिजनचं मशीन घरीच आणलं होतं. पण दुपारी गल्लीतले पंखे-कूलर सुरू झाले की व्होल्टेज पडायचं, मशीन टीं टीं करायला लागायचं आणि सून हातातलं काम टाकून मशीनपाशी धावायची. साथ घरात शिरल्यापासून कोणी उंबऱ्याकडे फिरकलं नव्हतं. समोरच्या काकूंनी तर तिला बघून खिडकी लावून घेतली होती.

आज मात्र भर दुपारी मशीन एका लयीत चालू होतं. तिने वायरमनला फोन लावला.

"दादा, ट्रान्सफॉर्मर बदललात, फार उपकार झाले."

"कुठला बदलतोय ताई, नवा अजून गोदामातच अडकलाय. गाड्या बंद आहेत. मी फक्त काल गल्लीत तुमची अडचण सांगून आलो."

तिने खिडकी उघडली. अख्खी गल्ली मास्क लावून आपापल्या पायरीवर बसली होती, पुठ्ठ्याने वारा घेत. घामाने निथळणाऱ्या काकूंनी तिला पाहिलं आणि तिथूनच विचारलं, "पुरतेय ना गं वीज? आमचा फ्रीज तेवढा चालू आहे, तोही बंद करते."