दाराबाहेरचा ‘सा’

“याहून सोपं नाही का काही?” दातांच्या डॉक्टरबाईंनी तिसरं पुस्तकही मिटून परत दिलं. त्याच्या पहिल्या पानावरचे शब्द कळायलाच आणखी एक पुस्तक लागलं असतं.

नातीसाठी हवंय का, असं दुकानदारानं विचारलं. स्वतःसाठीच हवंय म्हटल्यावर त्यानं चष्मा काढला आणि शास्त्रीय संगीत वाचून कळत नसतं, ते ऐकावं लागतं, हे ठेवणीतलं वाक्य ऐकवलं. पण बाईंनी आजवर भल्याभल्यांच्या अक्कलदाढा उपटल्या होत्या. बाई काही हलल्या नाहीत.

“ऐकतेच आहे हो. सून घरातच गाते. आधी गाणं झालं की विचारायची, आई, कसं झालं? मी आपलं दर वेळी ‘छान’. आता विचारतच नाही. दार लावून घेते.”

दुकानदारानं चष्मा पुन्हा चढवला आणि मुलांच्या कप्प्यातून एक पातळ पुस्तक आणलं. मुखपृष्ठावर तंबोरा घेतलेला ससा होता. बाईंनी ते तिथंच उभ्या उभ्या उघडलं. पहिला धडा दोन ओळींचा होता: गाणारा कुठंही फिरून येवो, आपण मनात ‘सा’ धरून बसायचं.

संध्याकाळी सुनेच्या खोलीचं दार बंद झालं, आत तंबोरा सुरू झाला. बाई बाहेर खुर्ची ओढून बसल्या. ‘सा’ सापडला. मनात धरवेना, म्हणून त्यांनी तो तोंडानंच धरला, हळू आवाजात. सून वर चढली की तोही तिच्यामागं फरपटत जायचा. गाढवाला गुळाची चव काय, असं स्वतःलाच म्हणत त्या तो पुन्हा शोधायच्या, पुन्हा धरायच्या. लाज वाटत होती, पण उठायचं नाही एवढं नक्की होतं.

गाणं अर्ध्यातच थांबलं. दार उघडलं.

“आई, बरं वाटत नाहीये का? कण्हताय.”

“कण्हत नाहीये. ‘सा’ धरून बसलेय.” त्यांनी सशाचं पुस्तक पुढं केलं. “पण सुटतो गं सारखा. तू वर गेलीस की सुटतो. मला यातलं काही कळत नाही, कधीच कळत नव्हतं. आता कळून घ्यायचंय.”

सुनेनं पुस्तकाचा पहिला धडा वाचला. मग तिनं सासूची खुर्ची उचलून आत नेली आणि तंबोऱ्याजवळ ठेवली.

“दुखलं की हात वर करा, असं पेशंटना सांगता ना तुम्ही? तसंच. ‘सा’ सुटला की हात वर करा. मी थांबेन.”

ती गायला लागली. पहिल्याच ओळीत हात वर गेला. ती थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.