दारू सोडलेला माणूस

"अश्वजितभाऊनं दारू सोडली ते सोडलीच," माईकवर कोकिळाबाई सांगत होत्या. "मरेपर्यंत थेंबाले शिवले नाई. आपल्या दारूबंदी मंडळानं सोडवलेला हा पयला माणूस."

आंजी गावच्या बुद्धविहारात अश्वजितच्या पुण्यानुमोदनाला जमलेल्या पांढऱ्या कपड्यांनी माना डोलावल्या. काजल उठली. बापाच्या फोटोसमोरून सरळ चालत गेली आणि तिनं माईक ओढून घेतला.

"सोडली? माह्या बापानं दारू कधी पेलीच नाई, काकू. त्याले कंपवात होता. डॉक्टरचा कागद आहे घरी. आता याच माईकवर सांगा, आमचं चुकलं म्हणून."

"बस ना बाई," संचालन करणारे तानबाजी पुटपुटले. "जेवण थंडं होऊन राह्यलं."

"होऊ द्या. त्याले चौकात उभं केलं तवा नोती लागली कोणाले भूक?"

खोटं काहीच बोलत नव्हती ती. अश्वजित गवंडी होता. अर्ध्या गावाच्या भिंती त्याच्या हातच्या. मग तोच हात कापायला लागला. थापीवरचा माल पायावर सांडू लागला, चालताना पाय घसटू लागले, जीभ जड झाली. कागदावर दारूबंदी आणि गल्लीगल्लीत दारू, अशा जिल्ह्यात थरथरत्या हाताचा एकच अर्थ निघतो. रोज सकाळी पंचशील म्हणून मद्य वर्ज्य मानणाऱ्या माणसाला मंडळाच्या बायांनी चौकात आणलं, न पिण्याची शपथ दिली, टाळ्या वाजवल्या. त्यानंतर त्याला कोणी कामावर बोलावलं नाही. हात तरीही कापतच होते. दारू सोडली म्हणून कापतात, थांबतील हळूहळू, असं म्हणत घरच्यांनीही सहा वर्षं घालवली. वर्ध्याच्या डॉक्टरनं रोगाचं नाव सांगितलं तेव्हा त्याला खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागत होती.

हे सगळं गावाला कधीतरी ऐकवायचंच होतं. पण काजल एवढी पेटली होती त्याचं कारण वेगळं होतं, आणि ते आपल्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही असं तिला वाटत होतं. चौकातल्या त्या शपथेच्या वर्षी मंडळानं शाळेत एक डबा ठेवला होता. ज्याच्या घरी दारू, त्यानं बापाच्या नावाची चिठ्ठी टाकायची. स्वतःचं नाव लिहायचं नाही. पोरांकडून बापांच्या चुगल्या गोळा करायच्या आणि तिला समाजसेवा म्हणायचं! अकरा वर्षांच्या काजलनं चिठ्ठी टाकली. मैत्रिणी तिच्या बापाच्या चालण्याची नक्कल करायच्या म्हणून. त्याच्या तोंडाला कधी वास आला नव्हता. तरी टाकली.

शेवटची चार वर्षं तिनं त्याच्या शर्टाची बटणं लावली, त्याला घास भरवले. प्रत्येक घासाला सांगावंसं वाटलं. एकदाही सांगितलं नाही. आता कोकिळाबाईंनी गावासमोर चूक कबूल केली असती, तर काजलच्याही छातीवरचा धोंडा उतरला असता. एवढ्यासाठी सगळा तमाशा.

"म्हणा ना, काकू! चूक झाली म्हणा!"

"कशी म्हणू, माय?" कोकिळाबाई जवळ आल्या. "म्या काय मनचं केलं का? त्यानं आपल्या तोंडानं कबूल केलं होतं."

"साफ खोटं!"

कोकिळाबाईंनी माईकचं बटण बंद केलं. काजलचं मनगट धरून तिला खांबाआड नेलं.

"अगोदर नाईच म्हणे. बुद्धाच्या मूर्तीपुढं शपथ घ्याले तयार होता. मंग म्या त्याले डब्यातली चिठ्ठी दाखवली. लय वेळ पाहत राह्यला. हात असा कापे का कागद फाटते का काय, असं वाटे."

काजलच्या हातातला माईक खाली आला.

"मंग? काय म्हणे?"

"म्हणे, 'हे माह्या काजलचं अक्षर आहे. माही पोरगी खोटं लिहीत नाई. लिहा, पेतो मी.'"