जुनी लिंक

"त्या तुझ्या साइटवर कोणाचं पान कोण बघून गेलं, तं तुला कळतं काय गो?" गोजरकाकीने ओटीवर पाय ठेवता ठेवता विचारलं.

रेश्माने लॅपटॉपवरून मान वर केली. "नाय काकी. किती जणांनी बघितलं तेवढंच. नावं नाय कळत."

"असं." काकीने पदर सावरला आणि आली तशी निघाली. चहाला थांब म्हटलं तर थांबली नाही.

काकीला ही चौकशी कशाला, रेश्माच्या मनात आलं. शहापूर-मुरबाडकडच्या एका वधू-वर मंडळाची साइट ती किन्हवलीत घरी बसून सांभाळायची, आणि मागच्या महिन्यात तिथे अनितावहिनीचं पान आलं होतं. अनिता म्हणजे या गोजरकाकीची सून. तिचा नवरा संदेशदादा वारल्यापासून तीन वर्षं सासूच्या हाताखाली राबत होती, पदरात लहान मुलगी. पान फोनवरून भरलेलं, घाईघाईत, चुका करत. फोटोत वहिनी अंगणात भात वाळत घालत होती, कॅमेऱ्याकडे तिचं लक्षही नव्हतं. लाजली असेल, रेश्माला वाटलं. बिचारीने सासूच्या चोरून केलेलं काम, दुसरं काय असणार!

आणि सासू कशी, तर जिभेला हाड नसलेली. भावकीत काकीशी भांडून कोणी जिंकल्याचं गावाला आठवत नव्हतं. गेल्या पंधरवड्यात मुरबाडचा एक माणूस मोटारसायकलवरून आला, तर काकीने त्याला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं. "परत या आळीत दिसलास तर बघ!" हे सगळ्या आळीने ऐकलं. वहिनी तेव्हा मान खाली घालून आत भांडी घासत होती.

संशय एकदा आत शिरला की पुरावे आपल्या पायांनी चालत येतात. शहापूरला जाताना रेश्माला एसटीत काकीच्या मागचीच सीट मिळाली. काकीच्या हातात फोन, फोनवर वहिनीचं पान. शेजारच्या अनोळखी बाईला ते दाखवत काकी काहीतरी कुजबुजत होती आणि ती बाई च्यक् च्यक् करत मान हलवत होती. रेश्माचं रक्त तापलं. म्हणजे काकीला कळलंय, आणि आता सुनेची गावोगाव बदनामी चाललीय.

दुसऱ्या दिवशी नळावर वहिनी भेटली. "बरं हाय ना, वहिनी?"

"बरं म्हणायचं गो." वहिनी हसली. "आई बोलतात, आपण ऐकायचं."

आता मात्र रेश्माने ठरवलं. वहिनीला थेट विचारणं तिच्या जिवावर आलं. असल्या गोष्टी कोणी नळावर बोलत नाही. पण हातात विद्या होती, ती कधी कामाला येणार?

साइटवरच्या पानांचे पत्ते, म्हणजे लिंका, कोणी हाताने लिहीत नसे. प्रत्येक स्थळाची एक नोंद होती, आणि पत्ता त्या नोंदीलाच विचारायचा. ती आपलं नाव नि गाव जोडून पत्ता सांगायची, आणि मग यादीत, शोधात, मेसेजात सगळीकडे तोच आपोआप बसायचा. पत्ता कसा सांगायचा, हा नियम एकाच जागी लिहिलेला. तो बदलला की साइटभर नवे पत्ते. जुने उरायचे ते फक्त लोकांच्या फोनमध्ये, आधी पाठवलेल्या लिंकांत.

रेश्माने तो नियम बदलला. नाव-गावाऐवजी आता नुसती अक्षरांची सरमिसळ, कोणाला अंदाजानेही न सापडणारी. जुन्या लिंकवरून आलेल्याला नव्या पत्त्यावर नेऊन सोडायची सोयही तिने केली. सगळ्यांसाठी केली, एक अनितावहिनी सोडून. काकीने तिच्या फोनमधली जुनी लिंक दाबली की आता 'हे पान सापडत नाही' एवढंच यायचं. ज्याला खरोखर स्थळ हवं, त्याला वहिनी यादीत भेटेलच की. कुंपणच शेत खायला लागलं तर राखण कोणीतरी करायला हवी. त्या दुपारी रेश्मा पोटभर जेवली आणि स्वतःवर फार खूश झाली.

त्यानंतर वहिनीच्या पानावर शुकशुकाट झाला. आधी रोज कोणी ना कोणी उघडायचं, आता चिटपाखरू नाही. रेश्माने याचाही अर्थ लावला. म्हणजे इतके दिवस काकीच पुन्हा पुन्हा उघडून बघत होती तर!

रविवारी सकाळी काकी आली, फोन पुढे धरून. "हे उघडत नाय गो. आठवडा झाला."

"बंद पडतं कधी कधी." रेश्माने स्क्रीनवरून नजर काढली नाही.

"मंग चालू कर."

"तुम्हाला कशाला हवंय ते, काकी?" रेश्माचा आवाज नको तेवढा चढला. "वहिनीला जगू द्या की जरा."

काकी पायरीवर टेकली. तिचा इतका खालचा आवाज रेश्माने कधी ऐकला नव्हता.

"मीच भरलंय गो ते. अनिताला नाय सांगितलं, 'आई, तुमाला सोडून नाय जाणार' बोलली असती. गाडीत, बाजारात, जी भेटेल तिला पाठवलं. मुरबाडवाला बोलला, लहानगीला इथंच ठेवा, म्हणून हाकलला. उंबरमाळीच्या मुलाला मातर मायलेकी दोघी हव्या होत्या. आता त्याच्या घरचे बोलतात, पान काढलंत, म्हंजे सासूचा नकार हाय, आमी आज दुसरीकडे बघायला चाललो. मी शपथ घेतली, मी नाय काढलं. पण सासूच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवतो गो?"